तिसरा ढीग

आमच्या घरी पाहुणे आले आणि जेवणं आटोपली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "चला, आता सुभद्राक्काची गोष्ट होऊ दे." मी थोडे आढेवेढे घेतो, तेही खुर्ची पुढं ओढता ओढताच, आणि सुरू होतो. अक्का पहिल्यांदा आमच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसात आली तेव्हा दारावरच्या माणसानं दिलेलं पाहुण्यांचं स्टिकर तिनं पदरावर न लावता जेवणाच्या डब्याला कसं चिकटवलं ("मी कशाला हरवते? हरवतो तो डबा"). तिच्या शेतात उकिडवं बसताना मी कसा मागच्या मागं नाचणीत आडवा झालो. आमचं यंत्र पहिल्यांदा बघितल्यावर तिनं त्याच्या चाकावर हात ठेवून "ह्याला बसाय येतं का?" असं कसं विचारलं. लोक हसतात. माझी बायको, नीता, गोष्ट पाठ असूनही योग्य त्या जागी हसते. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं सौजन्य पुष्कळ झालं.

मागच्या महिन्यात भाची आली होती. ती म्हणाली, "मामा, मग पुढं काय झालं? अक्का अजून येतात तुमच्याकडे?"

"हो, म्हणजे, अधूनमधून," असं म्हणून मी सुपारी आणायला स्वयंपाकघरात गेलो. आमच्या घरात सुपारी कोणीच खात नाही. तरी मी ओट्याशी उभा राहून बराच वेळ एकेक डबा उघडून बघत होतो.

ते पुढचं आता लिहितो. लिहिताना समोर कोणी हसायला नसतं, हे एक बरं.

व्हाइटफील्डच्या पूर्वेला इमारती विरळ होत जातात आणि कुठल्यातरी वळणावर एकदम नाचणी सुरू होते. तिथं अक्काचं तीन एकर रान. वय पासष्टीच्या आसपास, उंच, काटक, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आणि कमरेला खुरपं असं खोचलेलं, जशी इतर बायका किल्ल्या खोचतात. तिची मराठी ऐकली की मला आधी वाटायचं ती माझी थट्टा करतेय. निम्मी कानडी, निम्मी कुठल्यातरी जुन्या काळातली. "आमचे लोक कोणाच्या तरी फौजेबरोबर आले हिकडं," ती सांगायची. "फौज परत गेली. आम्हाला न्यायची विसरली. मग काय करणार, रागी पेरली." हे ती अशा सुरात सांगायची, जसं काही ते गेल्या आठवड्यात घडलंय.

मी तिथं कसा पोचलो? सरकारी कारखान्यातली नोकरी मुदतीआधी सोडून मी एका लहान कंपनीत लागलो होतो. आम्ही तण काढणारं यंत्र बनवत होतो. कॅमेऱ्यानं रोप बघायचं, पीक की तण ते स्वतःच ओळखायचं आणि तण असेल तर बारीक पात्यांनी मातीतल्या मातीत चिरून टाकायचं. पैसे देणाऱ्यांची अट अशी की यंत्राची रचना शेतकऱ्यांना सोबत घेऊन झाली पाहिजे. ऑफिसात सगळे हुशार, पण मातीशी संबंध म्हणाल तर गॅलरीतल्या कुंड्यांपुरता. माझे साहेब अर्णव, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना कानडी येत नव्हतं आणि माझं कानडी बावीस वर्षांनंतरही रिक्षापुरतं: स्वल्प मुंदे, इल्ले निल्लिसी, सरी; म्हणजे जरा पुढं, इथंच थांबवा, ठीक. पण अक्काला मराठी येतं हे कळल्यावर मला दुभाषा नेमण्यात आलं. मराठीच्या जोरावर मिळालेली माझ्या आयुष्यातली ही एकमेव बढती.

पहिल्याच दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना बांधावर उभं केलं आणि म्हणाली, "बसा."

खुर्च्या कुठे आहेत म्हणून अर्णव बघायला लागले. ती म्हणाली, "अस्सं," आणि टाचांवर अलगद उकिडवी बसली. माणसाची परीक्षा ती बसण्यावरून करायची. अर्णव कसेबसे बसले, पास झाले. मी काय झालो ते वर आलंच आहे. मला उठवताना ती म्हणाली, "तम्मा, उभ्यानं काय दिसतं? वरनं सगळं हिरवंच." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोणी धाकटं म्हटलं की तो विरघळतोच. मीही विरघळलो.

मग तिनं दोन रोपं दाखवली. मला दोन्ही सारखीच. एक नाचणी, म्हणजे तिची रागी; दुसरं रानटी, नाचणीचं सोंग घेतलेलं गवत. "हिच्या बुडाशी बोट लाव. आता तिच्या. कळलं?" मला नाही कळलं. पण अर्णव यांना कळलं. आमचा कॅमेरा वरून खाली बघत होता, तो त्यांनी आठवड्याभरात खाली आणून तिरका बसवला, आणि जे यंत्र तोवर आंधळ्यासारखं वागत होतं ते शहाण्यासारखं वागायला लागलं. अक्काला हे सांगितलं तर तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "बसलं म्हणून दिसलं," एवढंच म्हणाली.

त्या वेळी बाया भांगलणीला, म्हणजे तण खुरपायला, बसल्या होत्या. तिथं अजून एक रीत आहे, मुय्यी म्हणतात. आज सगळ्या जणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. आठदहा जणींची ओळ, आणि ओळीच्या टोकाला अक्का. तिनं खुरपं लावलं की मग बाकीच्यांनी लावायचं. संध्याकाळी उठताना प्रत्येकीच्या ओच्यात पालेभाजी: माठ, घोळ, कुरडू. पेरलेली नाही, आपोआप उगवलेली. ज्याचं रान त्यानं त्या ओच्याकडे बघायचंसुद्धा नाही, ती भाजी बायांची. घरी गेल्यावर तिचं कालवण आणि मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे. अक्काच्या शेजारी बसणारी मुनियम्मा, तोंडानं फटकळ, तिनं पहिल्या दिवशीच कानडीत विचारलं होतं, की हे यंत्र आलं तर आमची भाजी कोण ठेवणार?

अक्कानं तिला सगळ्यांदेखत शब्द दिला: मी जाऊन बसते तिथं. मी सांगते यंत्राला. तुमचा पाला ते सोडून देईल.

मुनियम्मा म्हणाली, "तू सांगितलंस तर मग काळजी नाही."

हे सगळं अक्कानं मला मराठीत समजावून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, अशी पळवाट मला नाही.

मग ती ऑफिसात आली, डब्याला स्टिकर लावून. पडद्यावर रोपांचे फोटो दाखवून प्रत्येकावर खूण करायची होती. पीक असेल तर हिरवी चौकट, तण असेल तर लाल. यंत्र त्यावरून शिकणार. अक्का पडद्याकडे बघून म्हणाली, "कागदावर दे. हातात आल्याशिवाय मला कळत न्हाई." फोटो छापून आणले. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि बैठकीच्या खोलीत गालिच्यावर बसून पत्ते वाटावे तसे फोटो वाटायला लागली. काचेपलीकडून पोरंपोरी वाकून बघत होती. तिनं त्यांनाही हातानं आत बोलावलं. "या की. बसा." दोघं तिघं बसलीसुद्धा.

दोन तासांनी गालिच्यावर तीन ढीग होते.

"हे रागी. हे काढायचं," ती म्हणाली. तिसऱ्या ढिगावर तिनं हात ठेवला. "आणि हे विचारून काढायचं."

"कोणाला विचारून?" मी.

"भांगलायला बसलीय तिला. तिला हवं तर ती नेते. नको म्हणाली तर काढ. आपणहून नाही काढायचं." मग माझ्याकडे बघून, "तम्मा, हे नीट सांग तुझ्या साहेबाला. ह्यात माझी जबान हाय."

दारातून डोकावलेल्या साहेबांना मी इंग्रजीत सांगितलं, की अचूकपणावर त्यांचा फार भर आहे. अर्णव म्हणाले, "ग्रेट."

असं का सांगितलं? खूप विचार केलाय. प्रात्यक्षिक तीन आठवड्यांवर होतं. तक्त्यात घरं दोनच होती. तिसरं घर करायचं म्हणजे शिकवणी पहिल्यापासून, आणि ती अडचण साहेबांपुढे मांडणारा माणूस मी. नव्या नोकरीत अडचणी न आणणारा अनुभवी गृहस्थ अशी माझी ख्याती व्हायला लागली होती, आणि मला ती आवडायला लागली होती. दुपारी अक्काला गाडीत बसवून आल्यावर मी तिसरा ढीग उचलला आणि दुसऱ्यावर ठेवला. रबर लावलं. वरच कुरडूचा फोटो होता. माझी आई श्रावणात कुरडूची भाजी करायची. रबर लावताना ते मला आठवलं होतं, हेही लिहून टाकतो.

त्यानंतर आठवड्यानं अक्का आमच्या बसवनगुडीच्या घरी आली. कुठल्याशा देवळात आली होती, म्हणाली, पण फडक्यात बांधून दोन गावांना पुरेल एवढी पालेभाजी आणली होती. थेट स्वयंपाकघरात शिरली. नीताला बाजूला करून, पण अशा मायेनं की नीताला ते उशिरा कळलं, तिनं पाला निवडला, उकडला, त्याचं पाणी वेगळं काढून त्याचं सार केलं. मग ओले हात घेऊन गॅलरीत गेली. तिथल्या कुंडीत माझी तुळस होती, म्हणजे तिच्या काटक्या होत्या, आणि तिच्या बुडाशी हिरवीगार घोळ.

"हे मी दर रविवारी उपटतो," मी अभिमानानं म्हणालो. "तरी येतं."

ती नीताकडे वळली. "तुझा नवरा जे आलंय ते उपटतो आणि मेलेल्याला पाणी घालतो." नीता इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घरात चालू आहे. माझ्या कुठल्याही कर्तबगारीला लावता येतं.

जेवताना अक्कानं एकदम विचारलं, "तम्मा, त्या तिसऱ्याचं सांगितलंस नव्हं?"

"सांगितलं ना अक्का."

"काय म्हणाला?"

"ग्रेट म्हणाले." हे अक्षरशः खरं होतं.

तिचा चेहरा फुलला. "मग मुनियम्माला सांगते. रोज डोकं खाते माझं." आणि तिनं मला पुन्हा वाढलं. मी तेही खाल्लं. भाजी अतिशय सुंदर झाली होती.

प्रात्यक्षिक तिच्याच रानात झालं. मांडव, खुर्च्या, पाहुणे, आणि मागं फलक. फलकावर अक्काचा फोटो, खाली कानडीत आणि इंग्रजीत: ह्या यंत्राला ह्यांनी शिकवलं. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, तरी प्रत्येकीच्या कमरेला भाजीसाठी फडकं होतंच. सवयच ती. अक्कानं त्यांना सगळ्यांत पुढं बसवलं. खुर्च्या होत्या, पण बसल्या त्या बांधावर उकिडव्या.

यंत्र निघालं. दोन ओळींमधून, न अडखळता, नाचणीच्या एका पात्यालाही न लागता. मागं राहिली नुसती भुसभुशीत माती. टाळ्या झाल्या. यंत्र वळलं, दुसरी ओळ. अक्का उठली आणि त्याच्या मागून चालायला लागली. लोकांना वाटलं कौतुकानं जातेय, फोटो निघाले. मध्येच ती खाली बसली, माती हातात घेतली. माठ, घोळ, कुरडू, सगळं चिरून मातीत कालवलेलं. ओच्यात घेण्यासारखं त्यात काही उरलेलं नव्हतं.

बांधावरून मुनियम्मा म्हणाली, "अक्का, नीवे हेळकोट्टिद्दा?" तूच शिकवलंस का हे? एवढं कानडी मला कळलं. एरवीची फटकळ मुनियम्मा, पण नेमकी त्या दिवशी ती ओरडून बोलली नाही.

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. एखादं रोप ओळखीचं वाटावं आणि बुडाशी बोट लावल्यावर ते दुसरंच निघावं, तसं बघितलं.

तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, दुभाषा ना मी. ती मराठीत म्हणाली, "सांग तम्मा. मी तीन ढीग केले होते म्हणून सांग." आणि डाव्या हाताची तीन बोटं वर धरली.

वेळ होता. अजूनही वेळ होता. यंत्र थांबवता आलं असतं, एका वाक्याचं काम. समोर पाहुणे, साहेब, फलक. मी इंग्रजीत म्हणालो, की ह्या कामात सहभागी होता आलं याचा त्यांना फार आनंद वाटतो.

अक्काला इंग्रजी येत नव्हतं. पण वन, टू, थ्री येत होतं, ते कोणाला येत नाही? ती बोटं वर धरून थ्री ऐकायला थांबली होती. माझं वाक्य संपलं, टाळ्या सुरू झाल्या, तरी ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिनं एकेक बोट मिटलं, माइक परत दिला आणि बांधाजवळ जाऊन बायांना कानडीत काहीतरी सांगितलं. काय ते आमच्या ड्रायव्हरनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. "त्या म्हणाल्या, माझंच शिकवायला चुकलं."

पुढचं वर्ष मी तिकडे फिरकलो नाही. काम दुसऱ्या तालुक्यात सरकलं होतं, हे कारण तयारच होतं. घरी मात्र गोष्ट रंगत गेली. स्टिकर, उकिडवं बसणं, तुळस. दर वेळी एखादा नवा तपशील सुचायचा.

शेवटी गेल्या जुलैत एकदा अर्णव सहज म्हणाले, की यंत्र आता पुष्कळ ठिकाणी चालतं, पण काही गावांत बाया त्याला रानात येऊ देत नाहीत, कारण कळत नाही. तेव्हा मी सांगितलं. तीन ढीग, रबर, सगळं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. "पण हे तेव्हा का नाही सांगितलंत? तिसरं घर करायला काय, पंधरा दिवस लागले असते. तारीख पुढं ढकलली असती." मग म्हणाले, "तुम्हाला मी इतका अवघड वाटतो का?" वर्षभर मी मनातल्या मनात ज्यांच्यावर खापर फोडत होतो, त्या माणसाचा हा प्रश्न. त्यांनी त्याच दिवशी फोटो पुन्हा छापायला सांगितले. "जा तुम्ही. त्यांच्याकडून परत लावून आणा. त्यांना लावायचे असतील तरच."

भांगलणीचे दिवस होते. मेट्रोनं व्हाइटफील्ड, तिथून बस, पिशवीत फोटो. रानाशी पोचलो तर बायांची ओळ मुनियम्माच्या रानात बसलेली. ओळीच्या टोकाला मुनियम्मा. बांधाच्या अलीकडे आपल्या रानात अक्का एकटी, खुरपत.

मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. ह्या वेळी पडलो नाही. तिनं बघितलं. "बसाय आलं की तुला," म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागलो. अक्का, मी तेव्हा, माझं, अशी सुरुवात चारपाचदा केली. ती खुरपत राहिली. ओळीकडे बघत मी विचारलं, "तू तिकडे का नाही?"

"मला बोलवत्यात. वाईट नाहीत त्या." एक मूठ गवत तिनं बाजूला टाकलं. "पर यंत्राला शिकवणारीच्या मागनं कोण खुरपं लावंल? मीच न्हाई जात."

मी फोटो काढले. तिनं हात पुढं केला नाही. खुरप्याचं टोक बांधापलीकडे केलं. "मला ठाऊक हाय तीन व्हते. त्यांना ठाऊक न्हाई. त्यांना सांग."

"मी? कानडीत?"

"मग? मी सांगू, मी खरी म्हणून?"

बांध ओलांडून मी गेलो. ओळ थांबली. तेवीस वर्षांत इतक्या लोकांसमोर मी कानडीत तोंड उघडलं नव्हतं. घामानं चष्मा घसरत होता. मी तीन बोटं वर केली. "अक्का मूरु गुड्डे हाकिद्रु," अक्कानं तीन ढीग केले होते. मग दोन बोटं. "नानु एरडु माडिदे." मी दोन केले. पुढचे शब्द सुचेनात. "तप्पु नंदु," एवढं म्हणालो. चूक माझी.

कोणी हसलं नाही. माझं कानडी ऐकून आजवर कोणी हसलं नाही असं झालं नव्हतं. मुनियम्मानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सरी." मग खुरपं लावलं. तिच्यामागून सगळ्यांनी लावलं. म्हणजे माफ केलं, की ऐकलं फक्त, की जा आता, काही कळलं नाही.

मी परत अक्काकडे आलो, फोटो तिच्या डब्याशेजारी ठेवले आणि निघालो. "पावसाळ्यानंतर बघते," ती वर न बघता म्हणाली. फोटोंबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, तेही विचारायचा धीर झाला नाही.

रस्त्याला लागल्यावर वळून बघितलं. अक्का उठली होती, कमरेवर हात ठेवून. बांधावर तिनं दिवसभराचं काढलेलं मांडून ठेवलं होतं: एक ढीग म्हशीला, एक कुजवायला. आणि तिसरा, माठ, घोळ, कुरडू, नीट निवडून, मुळं झटकून, बांधाच्या पलीकडच्या कडेला, त्या बायांच्या हाताला येईल असा. तो ठेवून ती मागं सरकली आणि पुन्हा खाली बसली, पाठ त्यांच्याकडे करून.

बस येईपर्यंत मी बघत होतो. ढीग तिथंच होता.